आनंदवनातल्या साधनाताईंबद्दल बोलूया

वर्धेची लेक :

दर वर्षी ९ फेब्रुवारीला बाबा आमट्यांच्या आठवणींचे लेख येतात, त्यांच्या कविता व्हॉट्सॲपवर फिरतात, शाळांत फोटोला हार घातले जातात. ते व्हायलाच हवं. पण ९ जुलै येते नि जाते, कुणाच्या लक्षातही येत नाही. २०११ साली त्याच दिवशी साधनाताई गेल्या. वय ८५. म्हणून हा धागा.

आनंदवनाची सुरुवात आपल्या सगळ्यांना तोंडपाठ आहे. जून १९५१, वरोऱ्याबाहेरची ५० एकर खडकाळ, झुडपी जमीन, सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय, चार कुत्री आणि खिशात १४ रुपये. भाषणात ही यादी आली की टाळ्या पडतात. मला त्या यादीपुढे थांबावंसं वाटतं. सहा आजारी माणसं, म्हणजे दोन वेळचं जेवण. गाय, म्हणजे धार, वैरण, शेण. वर दोन मुलं. विकास चौथ्या वर्षात, प्रकाश तिसऱ्या. विहीर अजून खणायची होती. भिंती अजून उभ्या राहायच्या होत्या. साप-विंचवांचं राज्य होतं, आणि सोबतीला नेलेली कुत्री बिबट्यांनी उचलून नेली. अशा जागी चूल पेटवून संसार मांडणारी बाई २५ वर्षांची होती.

ती आली कुठून, तेही सांगते. ५ मे १९२६ चा जन्म, नागपूरच्या घुलेशास्त्र्यांची इंदू. संस्कृत पंडितांचं घराणं, सोवळंओवळं कडक. एका लग्नघरी सगळ्या मुली नटूनथटून मिरवत असताना ही पोरगी मागच्या दारी म्हाताऱ्या मोलकरणीला धुणं धुवायला मदत करत होती. ते बाबांनी पाहिलं. तेव्हा ते दाढी-जटा वाढवून बैराग्यासारखे राहत होते, लग्न करायचंच नाही असं ठरवून बसले होते. तो बेत तिथेच मोडला. १८ डिसेंबर १९४६ ला लग्न झालं आणि इंदूची साधना झाली.

बाबांना ती का आवडली हे सगळे सांगतात. माझ्या दृष्टीने मोठी गोष्ट ही की, बाबा भेटायच्या आधीच ती तशी होती. बाबांनी तिला सेवेला लावलं असं जे सर्रास लिहिलं जातं, ते मला पटत नाही.

तुमच्याकडे ताईंबद्दल जे असेल ते लिहा. वाचलेलं, ऐकलेलं, आनंदवनात पाहिलेलं, काहीही चालेल.


जाईजुई :

फार छान धागा. वाचनखूण साठवली.

त्यांचं आत्मचरित्र 'समिधा' मी कॉलेजात असताना वाचलं होतं आणि पुन्हा बाळंतपणानंतर. दुसऱ्या खेपेला पुस्तक पार वेगळं वाटलं. पहिल्यांदा बाबा दिसले होते. दुसऱ्यांदा, कडेवर पोर घेऊन वाचताना, त्या दिसल्या. बाबांचा तापट स्वभाव, एकदा डोक्यात आलं की घर-दार मागे टाकून निघणं, हे सगळं त्या मोकळेपणाने सांगतात, आणि कुठेही कडवटपणा नाही. नवऱ्याबद्दल इतकं खरं आणि इतकं मायेने लिहिणं सोपं नाही.

आणखी एक. त्या देवाधर्माचं करणाऱ्या होत्या आणि बाबांचा कर्मकांडावर काडीचा विश्वास नव्हता. तरी दोघांचा संसार साठ वर्षांवर झाला.


वरोऱ्याचा :

आमचं गाव म्हणून राहवत नाही, लिहितो.

आता आनंदवन म्हटलं की आम्ही वरोऱ्याचे लोक छाती पुढे काढतो. पण सुरुवातीची वर्षं तशी नव्हती. तिथली भाजी गावात कुणी घ्यायचं नाही, दूध घ्यायचं नाही. महारोग्यांच्या हाताची भाजी, शिवायची कशी? आमच्या घरात आजीचं वाक्य प्रसिद्ध होतं, "त्या दुधाचा चहा या घरात होनार नाही." बाई वाईट नव्हती. भीती होती. तिच्या माहेरच्या गावी एका माणसाला गावाबाहेर झोपडीत टाकलेलं तिने लहानपणी पाहिलं होतं आणि आपल्या लेकरांना ते होऊ नये एवढंच तिला कळत होतं.

मग पन्नाशीच्या दशकात सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या स्वयंसेवी संघटनेची परदेशी तरुण पोरंपोरी आली. आनंदवनात राहून दवाखान्याच्या इमारती बांधू लागली. गोरीगोमटी पोरं तिथलंच पिकलेलं, तिथलंच शिजलेलं जेवतात म्हटल्यावर गावाचे डोळे उघडले. हळूहळू भाजी विकली जाऊ लागली. १९६४ ला तिथे आनंदनिकेतन महाविद्यालय निघालं आणि ज्या घरांनी दूध नाकारलं त्याच घरची पोरं कुष्ठरोग्यांनी उभारलेल्या कॉलेजात शिकायला जाऊ लागली. माझे वडील त्यातलेच. आजीने त्यांना डबा बांधून दिला, अडवलं नाही.

जाता जाता एक : १९५१ ला आमचा चांदा (आताचा चंद्रपूर) जिल्हा मध्य प्रदेशात होता. त्यामुळे आनंदवनाची जमीन तेव्हाच्या मध्य प्रदेश सरकारने दिलेली. बऱ्याच लेखांत 'महाराष्ट्र सरकारने' असं छापतात, ते चूक आहे.


वर्धेची लेक :

@वरोऱ्याचा, मनापासून आभार. असंच काही हवं होतं.

तुमच्या आजींची भीती आणि ताईंचं धाडस शेजारी शेजारी ठेवून पाहा. दोघी साधारण एकाच काळातल्या. दोघींच्या घरात लहान मुलं. एकीने दूध नाकारलं ते मुलांसाठी, दुसरी तिथेच मुलं घेऊन राहायला गेली. मला पहिलीचा राग येत नाही. पण दुसरीच्या मनात त्या दिवशी काय चाललं असेल, याचा विचार केल्याशिवाय पुढे जाता येत नाही.


प्रश्नचिन्ह :

थोडा वेगळा सूर लावतोय, राग नसावा.

हे सगळं वाचताना मला एक गोष्ट खटकते. आपण बाईच्या त्यागाचे गोडवे गातो तेव्हा तिला विचारलं होतं का, हे कुणी विचारत नाही. दोन तान्ही म्हणावीत अशी मुलं घेऊन रानात जायचं, हा निर्णय कुणाचा? बाबांना तुळशीराम भेटला, बाबांच्या मनात भीती बसली, बाबांनी ती जिंकायची ठरवली. म्हणजे लढाई बाबांची. बायको आणि पोरं त्यात ओढली गेली असं म्हटलं तर काय चुकलं? 'पतीच्या खांद्याला खांदा लावून' हे वाक्य मी इतक्या श्रद्धांजल्यांत वाचलंय की आता ते दिसलं तरी अंगावर काटा येतो. त्यातून आपण आजच्या मुलींना काय सांगतो? नवरा म्हणेल तिकडे जा?


तिखटमीठ :

प्रश्नचिन्ह, प्रश्न रास्त आहे. पण उत्तर तितकं सरळ नाही.

ज्यांना तुळशीरामाची गोष्ट माहीत नसेल त्यांच्यासाठी : बाबा वरोऱ्याचे वकील आणि नगरपालिकेचे उपाध्यक्ष. भंग्यांच्या प्रश्नात पडले तेव्हा स्वतः मैल्याच्या पाट्या वाहिल्या. अशाच दिवसांत एका पावसाळी संध्याकाळी गटाराकडेला एक कुष्ठरोगी पडलेला दिसला. बोटं झडलेली, जखमांत अळ्या. बाबा घाबरून पळाले. मग स्वतःचीच लाज वाटून परत आले आणि त्याच्या अंगावर आडोसा केला. तो तुळशीराम. पुढे काही महिने ती भीती त्यांना झोपू देईना. शेवटी त्यांनी हे काम करायचं मनात आणलं, आणि ते साधनाताईंना बोलून दाखवलं. ताईंनी साथ दिली, तेव्हाच पुढचं पाऊल पडलं. १९४९ ला बाबा कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कुष्ठरोगाचं शिक्षण घ्यायला गेले, आणि त्याच साली वरोऱ्यात महारोगी सेवा समिती स्थापन झाली.

आता तुमचा मुद्दा. १९४९-५० सालच्या बाईच्या 'हो'मध्ये किती मोकळीक होती हे आपण आज बसून मोजू शकत नाही. मान्य. पण दुसरी बाजू पाहा. लग्न झाल्याझाल्या ताई कुठे राहिल्या? श्रमाश्रमात. तिथे सगळ्या जातींची कुटुंबं एकत्र, एकाच स्वयंपाकात, कमाई एकत्र. घुलेशास्त्र्यांच्या सोवळ्यातून उठून आलेली मुलगी तिथे रांधत होती, वाढत होती. तिला नको असतं तर माहेर नागपूरला होतं, लांब नव्हतं. बैराग्यासारखा दिसणारा, अर्धी वकिली सोडलेला नवरा तिने बघून, समजून पत्करला होता.

'ओढली गेली' म्हटलं की तिचं सगळं श्रेयही आपण काढून घेतो हो.


प्रश्नचिन्ह :

हम्म. शेवटचं वाक्य पटलं. विचार करतो.


डॉक्टरकाका :

मी त्वचारोगतज्ज्ञ, आता निवृत्त. कुष्ठरोगाच्या वॉर्डात बरीच वर्षं गेली. धाग्यात एक बाजू राहिली आहे, ती मांडतो : १९५१ साली त्या माउलीने नेमकी कसली जोखीम पत्करली होती.

हा रोग मायकोबॅक्टेरियम लेप्रे या जंतूमुळे होतो. नॉर्वेच्या हॅन्सनने तो १८७३ ला शोधला. म्हणजे पूर्वजन्मीचं पाप वगैरे नाही हे विज्ञानाला माहीत होतं. बहुसंख्य माणसांच्या शरीरात या जंतूशी लढायची ताकद उपजत असते, हेही आज आपण छातीठोक सांगतो. पण लागण होऊन लक्षणं दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षं जातात, कधी वीसही. आईने पोरांना आज अंगणात खेळायला सोडलं तर त्याचा निकाल तिला पुढची दहा-पंधरा वर्षं कळणार नाही! तेव्हा औषध एकच, डॅप्सोन. वर्षानुवर्षं घ्यायचं. जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचार, म्हणजे एमडीटी, सुचवला १९८१ ला. ताई आनंदवनात गेल्यावर तीस वर्षांनी.

दुसरं, रोजचं काम काय असतं ते सांगतो, कारण 'सेवा' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर हार-तुरे येतात. या रोगात नसा मरतात, हातापायांची संवेदना जाते. माणूस गरम पातेलं नुसत्या हाताने उतरवतो आणि त्याला कळत नाही. कातडी जळाल्याचा वास आला की मग कळतं. पायात काच घुसते, तो तसाच दिवसभर चालतो. रात्री झोपेत उंदीर बोटं कुरतडतात तरी जाग येत नाही. घाम येत नाही म्हणून कातडी कोरडी पडते, भेगा पडतात, भेगांतून जखमा. त्यामुळे रोज हातपाय पाण्यात भिजवायचे, खरखरीत दगडाने निबर कातडी घासायची, ओल्या अंगावरच तेल लावायचं, तळपाय उलटा करून नजरेने तपासायचा, कारण दुखत नाही म्हणजे बरा आहे असं नसतं. हे एक दिवस नाही, रोज. जखमेचा वास इतका असतो की नवीन नर्सेस बाहेर जाऊन ओकारी करून यायच्या, मी पाहिलंय.

अशा माणसांसाठी स्वयंपाक करणं आणि त्यांच्याबरोबर बसून तेच जेवणं. औषधाइतकंच हेही काम करतं. माझ्या वॉर्डात अनेकांनी सांगितलंय, डॉक्टर, गोळी तर सरकार देतं, पण घरच्यांनी ताट वेगळं केलं त्या दिवशी मी मेलो. आनंदवनात ताट वेगळं नव्हतं.


सोमनाथकर :

काका, वाचून थोडा वेळ काही सुचेना.

मी सोमनाथच्या छावणीला गेलेला कार्यकर्ता. आनंदवनाचाच, मूल तालुक्यातला हा प्रकल्प. १९६८ पासून तिथे मे महिन्यात श्रमसंस्कार छावणी भरते. चंद्रपूरचा मे म्हणजे काय हे तिकडचे लोक जाणतात! पहाटे उठून कुदळ-फावडं घेऊन बांधबंदिस्तीला जायचं, ऊन चढलं की परत, दुपारी चर्चा, रात्री गाणी. शहरातली पोरं पहिल्या दिवशी हाताला फोड आले की रडकुंडीला येतात. शेजारी बोटं नसलेला माणूस मनगटाच्या आधाराने कुदळ धरून सपासप खणत असतो. कुणी उपदेश करावा लागत नाही.

मला सांगायचंय ते जेवणाचं. एवढ्या माणसांचं रांधणं, पंगती उठवणं, पाणी, सरपण, आजारी पडलेल्याला वेगळी पेज, हे बिनबोभाट चालतं. स्वयंपाकघरातल्या बायका स्वतः रोगातून बऱ्या झालेल्या. त्यांच्यातल्या एका मावशीला मी विचारलं होतं, एवढं नेमकं कसं काय जमतं? त्या म्हणाल्या, ताईंनी लावलेली शिस्त आहे. पीठ मळतामळता म्हणाल्या, मान वर केली नाही. मी आनंदवनात गेलो तेव्हा ताई हयात नव्हत्या, त्यामुळे माझ्यासाठी ताई म्हणजे ही शिस्त.


जाईजुई :

आजी म्हणून त्या कशा होत्या याबद्दल कुणी लिहील का? मला हेमलकशाचा, म्हणजे प्रकाशभाऊ जंगलात कामाला गेले तो, भाग नेहमी कठीण वाटतो. आपलं पोर आपल्यापेक्षाही अवघड वाट धरतं तेव्हा आईचं काय होत असेल?


वर्धेची लेक :

@जाईजुई, मलाही तोच भाग सगळ्यात जास्त आतून हलवतो.

१९७० ला बाबा घरच्यांना सहलीला म्हणून भामरागडला घेऊन गेले. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावतीचा संगम, घनदाट जंगल. तिथले माडिया लोक माणसं बघून पळत होते, अंगावर धड कपडा नाही, आजाराला औषध नाही. बाबांनी इथे काम करायचं बोलून दाखवलं आणि प्रकाश म्हणाले, मी येतो. दोन्ही मुलं डॉक्टर झालेली किंवा होत आलेली. कुठल्याही घरात ही वेळ पोराने दवाखाना थाटायची, आईने सुखाने टेकायची. २३ डिसेंबर १९७३ ला भामरागडजवळ हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. प्रकाशभाऊंनी शल्यचिकित्सेचं पुढचं शिक्षण सोडलं, मंदाताई भूलतज्ज्ञ, लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं. दोघं बिनभिंतीच्या झोपडीत राहायला गेली. वीज नाही, पावसाळ्यात महिनोन्महिने रस्ता बंद.

म्हणजे ताईंनी १९५१ ला जे केलं तेच त्यांची सून १९७३ ला करत होती, आणि या खेपेस ताई आनंदवनात, दोनशेहून जास्त किलोमीटरवर. निरोप पोचायचे नाहीत. पूर आला की नावही चालायची नाही. तिकडे नातवंडं झाली. दिगंत आणि अनिकेत माडिया मुलांबरोबर तिथल्याच आश्रमशाळेत शिकले, बिबटे-अस्वलांच्या संगतीत वाढले. हे आता आपण कौतुकाने सांगतो. आजीला मात्र नातवाच्या अंगणात बिबट्या आहे ही बातमी ऐकून रात्री झोपायचं होतं. ज्या बाईची चार कुत्री बिबट्यांनी नेली होती, तिला.

इकडे आनंदवनात विकासभाऊ आणि भारतीताई, तिथली नातवंडं कौस्तुभ आणि शीतल. शिवाय बाबा-ताईंनी मुलगी मानून वाढवलेली रेणुका. आणि आनंदवनातल्या शेकडो मुलांची आजी त्या होत्याच, ते वेगळं सांगायला नको.


तिखटमीठ :

यात बाबांच्या पाठीचं दुखणं घाला. मणक्याच्या विकाराने ते सत्तरच्या दशकापासून बसू शकत नव्हते. उभं राहायचं नाहीतर आडवं पडायचं, तिसरा पर्यायच नाही. सगळा प्रवास गाडीत झोपून. त्या अवस्थेत त्यांनी १९८५-८६ ला कन्याकुमारी ते काश्मीर भारत जोडो केलं, याचं कौतुक सगळ्यांना आहे आणि असावं. बसू न शकणाऱ्या माणसाचं खाणंपिणं, औषधं, पट्टे, शेक हे तीन-साडेतीन दशकं रोज कुणाच्या तरी हातून होत होतं. घरात असा एक माणूस असलेल्या कुणालाही विचारा.

आणि १९९० ला काय झालं बघा. आनंदवन नावारूपाला आलेलं, हिरवंगार झालेलं. ताईंचं वय ६४. बाबांनी नर्मदा आंदोलनासाठी आनंदवन सोडलं आणि बडवानीजवळ कसरावदला नदीकाठी राहायला गेले. ताई बरोबर. पुन्हा एका आडगावात नवी चूल. ते दशक तिथे गेलं. माझी आई ६४ व्या वर्षी गॅस कंपनी बदलायला तयार नव्हती!


बायाबाईंची पणती :

(नाव मानलेल्या नात्याचं आहे, कर्व्यांच्या हिंगण्याच्या शाळेत शिकलेय म्हणून.)

थोडं अवांतर होईल, पण याच जातकुळीची एक बाई आठवली. बाया कर्वे. महर्षी कर्व्यांच्या पत्नी. बालविधवा गोदूबाई १८८९ ला पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी. १८९३ ला अण्णांशी (कर्व्यांशी) पुनर्विवाह, त्यांच्या मुरुड गावाने वाळीत टाकलं. अण्णा संस्थेला पैसे देऊन टाकायचे आणि घरात पोरांना दूध कुठून आणायचं हा प्रश्न बायांचा. 'माझे पुराण' या आत्मकथनात त्यांनी ते अगदी सडेतोड लिहिलंय, नवऱ्याला सूट न देता. मिळेल ते काम त्यांनी केलं, दारोदार फिरून संस्थेसाठी वर्गणीही गोळा केली.

हिंगण्याला गेलात तर पुतळा कुणाचा दिसतो ते सांगायला नको. तेव्हा वर्धेची लेक म्हणते ते आनंदवनापुरतं नाही. आपल्याकडच्या प्रत्येक मोठ्या संस्थेच्या मागच्या दाराने आत गेलं की एक बाई भेटते.


प्रश्नचिन्ह :

विचार करून आलो.

माझा राग ताईंवर नव्हताच, 'त्यागमूर्ती' या हारावर होता. तो अजून आहे. पण तिखटमीठ आणि काकांचं वाचून असं वाटतंय की हार काढून टाकला आणि नुसतं काम पाहिलं तर ते एखाद्या अधिकाऱ्याचं काम आहे. शेकडो माणसांचं कोठार, स्वयंपाक, गोठा, आजाऱ्यांची देखभाल, भांडणं मिटवणं, लग्नं लावणं. वर पैशांची चणचण. याला आपण बाहेर व्यवस्थापन म्हणतो आणि पगार देतो. तिथे असलं की माया म्हणतो. दोन्ही असू शकतं, पण पहिलं कधी लिहिलं जात नाही.


वर्धेची लेक :

@प्रश्नचिन्ह, अगदी असंच. हे मूळ धाग्यात मला इतकं नीट मांडता आलं नव्हतं.

लग्नांचा उल्लेख केलात, त्यावर एक. आनंदवनात बरे झालेल्या माणसांची, अंध-अपंगांची लग्नं लागत आली. ज्यांना घरच्यांनी हाकललं त्यांना तिथे जोडीदार, खोली, अंगणात तुळस मिळाली. बाहेर काय चाललं होतं? आपल्या विवाह कायद्यांत जोडीदाराला कुष्ठरोग असणं हे घटस्फोटाचं कारण म्हणून लिहिलेलं होतं. ते काढून टाकणारी दुरुस्ती संसदेत मंजूर झाली २०१९ ला! रोग बरा करणारं औषध येऊन साडेतीन दशकं उलटली तरी कायद्यात तो शिक्का होता. १८९८ चा लेपर्स ॲक्टसुद्धा २०१६ ला रद्द झाला. ताईंनी अक्षता टाकल्या तेव्हा कायदा विरुद्ध बाजूला उभा होता, हे लक्षात ठेवून त्या लग्नांचे फोटो पाहा.


वरोऱ्याचा :

आमच्याकडं अजूनही आनंदवनातून आणलेल्या सतरंज्या आहेत. हातमागाच्या. वीसेक वर्षं वापरून झाल्या, वीण सुटली नाही. आजी शेवटी त्याच सतरंजीवर दुपारची लवंडायची. तिला मी मुद्दाम विचारलं नाही कधी.


रानजाई :

पहिल्यांदाच लिहितेय या धाग्यावर, विषय सोडून असेल तर क्षमस्व.

डॉक्टरकाका, तुमचा प्रतिसाद वाचून विचारायचं धाडस होतंय. आमच्या शेजारी एक आजी आहेत, सत्तरीच्या. गल्लीतल्या भिशीपासून हळदीकुंकवापर्यंत सगळ्यात पुढे, कुणाचं बाळंतपण असो की मयत, आधी त्या हजर. गेले काही महिने त्यांच्या दंडावर आणि पाठीवर फिकट चट्टे आहेत, आणि परवा चहाचं भांडं उतरवताना बोट भाजलं ते त्यांना कळलंच नाही. कुणीतरी सुनेच्या कानावर 'ते' नाव घातलं. तेव्हापासून त्यांचं ताट-वाटी वेगळी आणि नातवाला त्यांच्याजवळ झोपू देत नाहीत. आजी काही बोलत नाहीत, पण गल्लीत येणं बंद झालंय. काय करावं?


डॉक्टरकाका :

@रानजाई, बरं झालं विचारलंत. विषयाला सोडून मुळीच नाही.

न पाहता निदान करणार नाही, पण फिकट चट्टा आणि तिथे बधिरपणा असेल तर तपासणी लगेच व्हायलाच हवी. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. शहरात असाल तर महापालिकेच्या किंवा सरकारी रुग्णालयातल्या त्वचा विभागात. तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहे. निदान झालंच तर एमडीटीची पाकिटं मिळतील. रोगाच्या प्रकाराप्रमाणे सहा महिने किंवा बारा महिने. त्यातल्या एका औषधाने कातडी काळवंडते आणि दुसऱ्या एकाने लघवीचा रंग लालसर होतो, त्याला घाबरून औषध सोडू नका. औषध संपल्यावर हळूहळू कातडी पूर्ववत होते.

सुनेला दोन गोष्टी समजावून सांगा. एक, हा रोग ताट-वाटीने, जवळ झोपण्याने, स्पर्शाने असा सहजासहजी लागत नाही आणि उपचार सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत रुग्णाकडून लागण होणं थांबतं. ताट वेगळं करण्याची काही गरज नाही. दोन, घरातल्या सगळ्यांची, नातवाची विशेष करून, एकदा तपासणी करून घ्या. केंद्रातले लोक घरच्यांना द्यायच्या प्रतिबंधक गोळीबद्दलही सांगतील.

भाजलेल्या बोटाची जखम झाकून ठेवा. आणि आजींना गरम भांडं उतरवायला जाड कापड किंवा लाकडी मुठीची पक्कड द्या. स्वयंपाक बंद करायला सांगू नका.


रानजाई :

काका, खूप धीर आला. आत्ताच सुनेशी बोलले. आधी चिडली, मग रडली. तिला हा धागा वाचायला दिलाय. उद्या सकाळी नऊला आम्ही तिघी केंद्रात जातोय. काय म्हणतात ते इथेच कळवते.